चुकीचा प्रदेश

आत्याचं दुकान दोन इमारतींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत होतं. आत किल्ली कापायचं मशीन, कानशींचा डबा आणि भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. बावीस वर्षं ती लोकांना त्यांच्याच घरात शिरायला मदत करत आली होती. कुणाची किल्ली हरवलेली, कुणाचं दार वाऱ्याने लागलेलं, कुणी बायकोशी भांडून तणतणत बाहेर पडलेला आणि किल्ली आतच राहिलेली. अशांना आत्या आधी चार शब्द सुनावायची आणि मग दार उघडून द्यायची. आपल्याच दारात माणसाने उपऱ्यासारखं उभं राहावं, हे तिला बघवत नसे.

त्यामुळे एका दुपारी घरातल्या डीव्हीडी प्लेअरने टीव्हीवर निळी पाटी झळकवली आणि त्या पाटीवर ‘चुकीचा प्रदेश’ एवढेच दोन शब्द उमटले, तेव्हा आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, यात नवल काही नाही.

“चुकीचा प्रदेश म्हणजे?” ती प्लेअरलाच म्हणाली. “मी आलेय का तुझ्या घरात? तू माझ्या घरात आहेस!”

प्लेअरने डीव्हीडी बाहेर ढकलली. आत्याने ती पदराने पुसून पुन्हा आत घातली. पुन्हा तीच निळी पाटी.

शेजारी जमिनीवर मांडी घालून खारू बसली होती. खारू म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाची आठ वर्षांची मुलगी. खारूताईसारखे घास गालात साठवून जेवायची, म्हणून खारू. तिची आई परदेशातली. इथे नोकरीसाठी आली होती, ऑफिसच्या लिफ्टमध्ये अडकली, आणि लिफ्ट दुरुस्त करायला गेलेल्या आत्याच्या भावाला, दोन तासांनी बाहेर आल्या आल्या, तिने असं काही फैलावर घेतलं की तो तिच्या प्रेमातच पडला. इथली भाषा ती वर्षभरात फाडफाड बोलायला लागली, पण लेकीशी मात्र आपल्याच भाषेत बोलायची. दीड वर्षापूर्वी आजारपणात ती गेली. आत्या एकटा जीव. कपड्यांची एक पेटी उचलून ती भावाच्या घरी राहायला आली, ती तिथलीच झाली.

दर रविवारी खारूच्या परदेशातल्या आजीचा फोन यायचा. आजीला इथली भाषा येत नव्हती, आत्याला तिथली. मोठ्याने बोललं की समजतं अशी दोघींचीही पक्की समजूत असल्यामुळे दोघी आधी मिनिटभर “हॅलो! हॅलो! खारू! खारू!” असं ओरडून एकमेकींची विचारपूस करायच्या, आणि मग फोन खारूकडे जायचा. पूर्वी खारू अर्धा अर्धा तास बोलायची. मग ते दहा मिनिटांवर आलं. मग एकेका शब्दावर. आणि एका रविवारी खारूने फोन कानाला लावला, थोडा वेळ ऐकलं आणि एक अक्षरही न बोलता तो आत्याच्या हातात दिला. पलीकडे आजी रडत होती. तेवढं मात्र आत्याला कळलं.

पोरगी आईची भाषा विसरत चालली आहे, हे त्या दिवशी आत्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच. आई तर गेलीच होती. आता भाषा गेली म्हणजे आजीही गेल्यातच जमा. आणि ती भाषा या घरात दुसऱ्या कुणाला धड येत नव्हती. भावाला थोडीफार यायची, पण बायको गेल्यापासून तो कुठल्याच भाषेत फारसं बोलत नव्हता.

आत्याला एकच उपाय सुचला. आई असताना मायलेकी रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर बाहुल्यांचा एक कार्यक्रम बघायच्या. होडीत राहणारं एक लठ्ठ बदक आणि त्याच होडीत भाड्याने राहणारा एक चष्मेवाला उंदीर, आणि दोघांची दिवसभर भांडणं. आत्याने कधी येता-जाता तो पाहिला होता. एक शब्द कळला नव्हता, पण बदकाचं बरोबर आहे असं तिला प्रत्येक वेळी वाटलं होतं. बदक आणि उंदीर पोरीशी बोलतील, पोरगी त्यांच्याशी बोलेल, जीभ वळेल, असा तिचा साधा हिशेब. तिने कॉम्प्युटर लावला, त्या कार्यक्रमाची जुनी खूण शोधून काढली आणि दाबली. काळा चौकोन उघडला. त्यावर लिहिलं होतं, ‘हा व्हिडिओ तुमच्या देशात उपलब्ध नाही.’

आता सांगा. दोन वर्षांपूर्वी याच देशात, याच घरात, याच टेबलावर तो उपलब्ध होता. देश जागचा हलला नव्हता, टेबलही हललं नव्हतं. बरं, तोफा-बंदुका असत्या तर समजण्यासारखं होतं. हे बदक होतं! कापसाचं!

वरच्या मजल्यावर एक मास्तरीणबाई राहायच्या. त्यांच्याकडून आत्याने कार्यक्रमाच्या कंपनीला रीतसर पत्र लिहून घेतलं. पोरीची आई गेली आहे, ही तिची भाषा आहे, तुम्ही म्हणाल ते करू, पण एवढं दाखवा. आठ दिवसांनी उत्तर आलं. ‘आमच्या कार्यक्रमावर आपण दाखवत असलेल्या प्रेमाबद्दल आम्ही अत्यंत आभारी आहोत. आपल्या प्रदेशात तो दाखवण्याचा सध्या आमचा विचार नाही. दरम्यान आमच्या ‘बोलका टेम्पो’ या नव्या कार्यक्रमाचा आनंद घ्यावा.’ आत्याने दुसरं पत्र लिहून घेतलं, जरा कडक. उत्तर तेच. तिसऱ्यात तिने मास्तरीणबाईंना सांगितलं, माझ्या शिव्या आहेत तशा लिहा. मास्तरीणबाईंनी त्या थोड्या सौम्य केल्या असाव्यात. तरीही उत्तर अक्षरशः तेच आलं, आभार, प्रेम आणि टेम्पोसकट.

“एकदा तोंडावर नाही म्हण आणि मोकळा हो,” आत्या फणफणली. “नाही म्हणायचं ते म्हणायचं आणि वर आभार मानायचे! आईविना पोरीला टेम्पो दाखवतोय मेला!”

शेवटी मास्तरीणबाईंनीच मोबाइलवर भाषांतर करून आजीला निरोप धाडला. आजीने तिकडे दुकानं पालथी घातली. कार्यक्रम जुना, विकायला कुठेच नाही. अखेर कुठल्याशा वाचनालयाने मोडीत काढलेल्या सामानात तिला एक डीव्हीडी सापडली. डीव्हीडी टपालाने निघाली, आणि सात आठवडे वाटेत कुठेकुठे मुक्काम करत, दोनदा उघडलेली आणि दोनदा चिकटपट्टीने बंद केलेली अशी येऊन पोचली. एवढे सोपस्कार झाल्यावर, टीव्हीपुढे खारूला बसवल्यावर, त्या प्लेअरने निळी पाटी दाखवली होती.

“असू दे आत्या,” खारू म्हणाली, आणि उठून गृहपाठाला बसली.

असू कसं देणार? दुसऱ्या दिवशी आत्या डीव्हीडी घेऊन तिच्या दुकानासमोरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेली.

“मावशी, त्याचं असं असतं,” दुरुस्तीवाला म्हणाला, “जगाचे सहा भाग पाडलेत. एका भागातली डीव्हीडी दुसऱ्या भागातल्या प्लेअरवर चालत नाही. तशी मुद्दामच केलेली असते.”

“कुणी पाडले भाग?”

“कंपन्यांनी.”

“कुणाला विचारून?”

दुरुस्तीवाला हसला. आत्या हसली नाही.

“म्हणजे मी एखाद्याला घर विकायचं,” ती म्हणाली, “किल्ली हातात द्यायची, आणि मग सांगायचं, तुझं तोंड त्या गल्लीतलं असेल तरच दार उघडेल. लोक मला उभं राहू देतील का बाजारात?”

“तुमचा प्लेअर नाही ऐकायचा,” दुरुस्तीवाला घाईघाईने म्हणाला. “पण घरच्या कॉम्प्युटरमधला ड्राइव्ह आहे ना, त्याचा प्रदेश बदलता येतो. सेटिंगमध्ये जायचं, तिकडचा देश निवडायचा, झालं. फक्त एक लक्षात...”

पण आत्या तोवर रस्ता ओलांडून गेली होती. इलाज सापडला की पुढचं ऐकत थांबायचा तिचा स्वभाव नव्हता.

बुधवारी दुपारी तिने दुकान बंद केलं. खारू शाळेत, भाऊ कामावर. कॉम्प्युटरच्या पोटात आत्याने परदेशी डीव्हीडी घातली, शोधत शोधत सेटिंगपर्यंत गेली, देशांच्या यादीतून आजीचा देश निवडला आणि बटण दाबलं. एक खिडकी उघडली, तिच्यात बारीक अक्षरांत तांत्रिक भाषेतलं काहीबाही आणि खाली तीनचा आकडा. आत्याने ‘ठीक’ म्हटलं. आणि पडद्यावर पाणी दिसलं. पाण्यावर होडी. होडीची खिडकी उघडली आणि लठ्ठ बदकाने डोकं बाहेर काढून तोंडाचा पट्टा सुरू केला.

आत्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने लगेच ते बंद केलं. पहिलं बघायचा मान खारूचा.

इथे थांबली असती तर गोष्ट इथेच संपली असती. पण आत्या कारागीर होती. किल्ली केली की ती गिऱ्हाइकासमोर पाच वेळा फिरवून दाखवायची, हा तिचा बावीस वर्षांचा शिरस्ता. एकदा कुलूप उघडलं म्हणजे किल्ली जमली असं समजणाऱ्यांना ती कच्चे म्हणायची. उघडायचं, बंद करायचं, उघडायचं, बंद करायचं आणि पाचव्यांदा उघडून गिऱ्हाइकाच्या हवाली करायचं. खारूच्या बाबतीत ती कमी काळजी घेणार होती थोडीच! तिने इथल्या एका सिनेमाची डीव्हीडी घातली आणि देश बदलून इथला केला. सिनेमा चालला. खिडकीत दोनचा आकडा. पुन्हा परदेशी डीव्हीडी, पुन्हा तिकडचा देश. बदक आलं. आकडा एक. आकडा उतरतोय हे आत्याने पाहिलं होतं, आणि तिला मशीनचं कौतुकच वाटलं होतं. किती फेऱ्या राहिल्या ते हेही मोजतंय, असं तिला वाटलं. पुन्हा इथला सिनेमा, इथला देश. आकडा शून्य.

पाचव्यांदा तिने परदेशी डीव्हीडी घातली आणि यादी उघडायला गेली. यादी उघडेना. बटण करडं पडलं होतं. बंद करून पुन्हा चालू केलं. करडंच.

“अहो, तेच तर सांगत होतो!” दुरुस्तीवाला कपाळाला हात लावून म्हणाला. “मोजून पाच वेळा बदलता येतो. एक वेळ विकतानाच गेलेली असते. उरलेल्या चार तुम्ही... शेवटी जो ठेवला तो कायमचा. आता ब्रह्मदेव आला तरी बदलणार नाही.”

आत्या एकदम उसळली. आणि बोलली ती अशी की समोरच्या पंक्चरवाल्याने हातातलं काम थांबवलं.

“कुठल्या जगात किल्ली चार वेळा फिरवली की कुलूप मरतं? सांग ना! दुसऱ्याच्या घरावर आपलं कुलूप लावायचं, आणि घरच्या माणसाने ते नीट चालतंय ना म्हणून बघितलं, तर कायमचं बंद करून टाकायचं? आणि ते सांगायचं कसं, तर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात! आमच्या धंद्यात असं केलं तर लोक गाठून बदडतील, आणि मी म्हणेन बदडा!”

पण सगळा राग कंपन्यांवर काढूनही थोडा उरला होता. तो स्वतःवरचा होता. बदक दोनदा आलं होतं. तिच्या हाताने आलं होतं आणि तिच्याच हाताने गेलं होतं. संध्याकाळी तिने खारूला सगळं सांगितलं.

“असू दे आत्या,” खारू पुन्हा म्हणाली. त्या ‘असू दे’पेक्षा पोरीने भोकाड पसरलं असतं तर बरं, असं आत्याला वाटलं.

दुरुस्तीवाल्याला तिची दया आली असावी. त्याने दोन दिवसांनी तिला हाक मारून सांगितलं, “मावशी, चांगल्या कंपनीचे प्लेअर नियम पाळतात. एखादा बिननावाचा, फालतू मिळतोय का बघा. त्यांना काही कळत नाही. घालाल ते वाजवतात.”

आत्याने भंगारवाले धुंडाळायला सुरुवात केली. दुकान बंद झालं की एक गल्ली, असा क्रम. तीन आठवड्यांनी एका भंगारवाल्याकडे, पंख्यांच्या पात्यांखाली, तिला हवा तसा नग सापडला. वर कसलंही नाव नाही, एक कोपरा चेपलेला, ट्रे बाहेर यायला नखाने ओढावा लागायचा.

“चालवून दाखवू का?” भंगारवाल्याने विचारलं.

“हात लावू नकोस,” आत्या म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने तो टीव्हीला जोडला. एकदाही चाचणी घेतली नाही. भाऊ कामावरून येऊन स्वयंपाकघरात चहा पीत बसला होता. खारूला तिने समोर बसवलं, नखाने ट्रे ओढला, डीव्हीडी ठेवली आणि बटण दाबलं.

चित्र काळंपांढरं आलं. वरची एक पट्टी थरथरत होती. पण पाणी आलं, होडी आली, खिडकी उघडली, आणि बदकाने डोकं बाहेर काढलं. आत्याने जोरात टाळी वाजवली.

खारू पुढे सरकली. बदक बोललं, उंदीर बोलला, आणि खारू खळखळून हसली. कितीतरी महिन्यांत ती असं हसली नव्हती.

“काय म्हणतंय गं?” आत्याने विचारलं.

“बदक म्हणतंय, माझी छत्री कुठंय. उंदीर म्हणतोय, मला काय माहीत, मी तर तिच्यात कपडे धुतोय. म्हणजे त्याने छत्री उलटी करून तिची बादली केलीय. आता बदक म्हणतंय, महिना संपायच्या आत खोली सोड. हे ते रोजच म्हणतं. आणि उंदीर म्हणतो, पण मी गेलो तर तू भांडशील कुणाशी?”

खारू न अडखळता सांगत होती. एकीकडे ऐकत होती, दुसरीकडे सांगत होती, मध्येच बदकाच्या आधी बदकाचं वाक्य त्या भाषेत म्हणून टाकत होती. आत्या आधी हरखली. मग हळूहळू तिच्या कपाळाला आठी पडली.

“खारू, तुला हे सगळं कळतं?”

“हो.”

“आणि बोलता पण येतं?”

“येतं की.”

“मग रविवारी आजीशी का नाही बोलत गं? ती तिकडे रडते.”

खारूने टीव्हीवरची नजर काढली नाही. गाल मात्र फुगवले, घास असल्यासारखे. मग ती अगदी हळू म्हणाली, “मी तसं बोलायला लागले की बाबा उठून जातो.”

 आत्याने दीड वर्षाचे रविवार आठवून पाहिले. फोन वाजला की भाऊ खाली स्कूटरची हवा बघायला जायचा. दर रविवारी. कुठल्या स्कूटरची हवा दर रविवारी जाते? एकदा जेवताना खारूने तिच्या भाषेत पाणी मागितलं होतं, आणि तो अर्धं ताट टाकून उठला होता. आत्यानेच त्याला वाढून ठेवलं होतं, बिचाऱ्याला भूक नसेल म्हणून. आणि आत्ताही, टीव्हीतून बदकाचा आवाज आल्या आल्या, स्वयंपाकघरात खुर्ची सरकली होती आणि नळ सुटला होता. तो अजून वाहत होता. एक कप धुवायला कुणाला एवढं पाणी लागतं?

पोरगी काही विसरली नव्हती. ती गप्प बसली होती, बाप घरात राहावा म्हणून. आणि आत्या सात महिने देशोदेशीच्या कंपन्यांच्या नावाने बोटं मोडत फिरत होती.

ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ बंद केला.

“बाहेर ये.”

“ताई, नको,” भाऊ पाठमोराच म्हणाला. “मला नाही ऐकवत ते. तिचाच आवाज येतो कानात.”

“येणारच. तिची भाषा आहे ती. तुला ऐकवत नाही म्हणून पोरीने बोलायचं नाही?”

“मी कधी तिला बोलू नको म्हटलं? एकदा तरी म्हटलं का?”

“नाही म्हटलंस. तेच तर!” आत्याचा आवाज चढला. “त्या प्लेअरने तरी तोंडावर पाटी लावली होती, इथे चालणार नाही म्हणून. तू तर तेवढंही केलं नाहीस. नुसता उठून गेलास. आणि आठ वर्षांच्या पोरीने ते वाचलं, आणि तुझ्यासाठी आजीला सोडलं. रडायचं असेल तर बाहेर येऊन रड. पण बसून रड.”

भावाने ओट्याला धरलेला हात सोडला. मग तो बाहेर आला आणि दाराजवळच्या चपला घालायच्या स्टुलावर टेकला. खारूने मान वळवून आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. पाय अनवाणी होते.

होडीवर उंदीर छत्री वाळत घालत होता. बदक ओरडत होतं. भावाने दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले होते आणि त्याच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं, पण तो बसून होता. भाग संपला. दुसरा सुरू झाला. तेव्हा खारू त्याच्याकडे वळली आणि तिच्या आईच्या भाषेत त्याला काहीतरी म्हणाली. एक लांबलचक, पुरं वाक्य.

“काय म्हणाली रे?” आत्याने विचारलं.

भावाने नाक पुसलं. “विचारतेय, रविवारीपण असाच बसशील का.”

मग त्याने खारूला त्याच भाषेत उत्तर दिलं. एकच शब्द, तोही त्याला नीट म्हणता आला नाही. खारूने तो त्याच्याकडून आणखी दोनदा म्हणून घेतला.